चौथा कोपरा

"खोलीत कसं शिरायचं, हे अख्ख्या जबलपुरात फक्त मला समजतं!" रविवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता नीलकंठ बारलिंगे म्हणाले. "बाकी सगळे नुसते आत जातात."

त्यांच्या मुलीनं, अंजनीनं, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. कागदावर तिच्या सुबक अक्षरात तीन ओळी होत्या : जिना नाही. जड उचलणं नाही. उत्साह नाही! मंगळवारी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दोन दिवस त्यांना शांत ठेवायचं, एवढं एकच काम डॉक्टरांनी अंजनीवर सोपवलं होतं. कॉलेजात साठ पोरांना गप्प बसवणाऱ्या प्राध्यापिकेला एक म्हातारा सांभाळणं काय कठीण? असं तिला सकाळी नऊपर्यंत वाटत होतं.

बाबा फौजी नव्हते. ते सुतार होते. फौजेच्या एका प्रशिक्षण केंद्रात उस्ताद, म्हणजे तिथले शिक्षक, जवानांना घरात शिरून शत्रू शोधायला शिकवत. त्यासाठी प्लायवूडचं एक खोटं घर होतं, आणि त्या घराची दारं बाबांची. जवान लाथ मारून दार पाडायचे, बाबा बिजागऱ्यांचा डबा घेऊन परत बसवायचे. सव्वीस वर्षं! एकेक दार हजार-हजार वेळा मेलं आणि बाबांच्या हातून जिवंत झालं. मधल्या वेळात ते वरच्या फळीवर उस्तादांच्या शेजारी बसून खाली बघत. बंदूक कधी हातात धरली नाही, पण रांग कशी लावायची, कोण कोणत्या कोपऱ्यात जाणार, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं.

आणि ते घरी शिकवायचे. खमरियाच्या मामाकडे मुक्कामाला गेलं, तरी झोपण्याआधी दोन्ही पोरांना रांगेत उभं करून खोली 'साफ' करायला लावत. शेवटच्यानं पुढच्याचा खांदा दाबायचा, त्यानं त्याच्या पुढच्याचा. दाब पहिल्यापर्यंत पोचला की आत! दारात थांबायचं नाही. आपापला कोपरा बघायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, "क्लिअर!" धाकटा तनय असा ओरडायचा की शेजारचं कुत्रं जागं व्हायचं. अंजनी मात्र पुस्तकात बोट घालून कोपऱ्यात उभी राहायची आणि ओठ मिटून घ्यायची. लाज वाटायची तिला. वयाची चौतीस वर्षं झाली, एकदाही म्हणाली नाही.

"आवाज नाही आला!" बाबा दरवेळी म्हणायचे. अंजनी दरवेळी पान उलटायची.

तर त्या रविवारी दुपारी साडेबाराला आई, म्हणजे नंदाताई, शेजारच्या बेबीताईंच्या तुळशीला पाणी घालायला गेली आणि रिकामा तांब्या छातीशी धरून पळत आली.

"अहो, बेबीताईंच्या घरात कोणीतरी कपाट उघडून राहिलं!"

"बेबीताई तर लग्नाला गेल्या ना नागपूरला?"

"म्हणून तर सांगून राहिले!"

सगळे कुंपणाशी गेले. बंद खिडकीतून आवाज येत होता. करर्र... ठक. मग शांतता. मग पुन्हा करर्र... ठक. अंजनी कुंपणापासून मागे सरकली. बाबांनी मात्र डोळे मिटून मोजलं.

"दर नऊ सेकंदांनी एक खण. घाई नाही. माणूस शिकलेला आहे!"

"बाबा, पोलिसांना फोन करते मी."

"कर. आणि आत मांजर निघालं तर? बेबीताई जन्मभर ऐकवतील." बाबांच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं होतं की अंजनीला त्या कागदावरची तिसरी ओळ डोळ्यांसमोर पुसली जाताना दिसली. "तनय, कॅरमबोर्ड आण. ढाल! अंजनी, मुरलीधरला हाक मार."

पलीकडच्या घरातले मुरलीधरकाका पोस्टातून निवृत्त झाले होते. बनियन-लुंगीवरच, छत्री घेऊन आले.

"छत्री काहून?" बाबांनी विचारलं.

"जो हाथ में आया! तुम्हीच शिकवलं ना गणपतीत?"

ते खरं होतं. मागच्या गणपतीत बाबांनी मंडळाच्या हॉलमध्ये चादरींच्या भिंती करून अर्ध्या मोहल्ल्याला हे शिक्षण दिलं होतं.

"तुम्ही आत यायचं नाही," अंजनी बाबांना म्हणाली. "फाटकापाशी खुर्चीत बसायचं. नाहीतर मी आत्ता आरडाओरडा करते आणि चोराला पळवून लावते."

बाबांनी हे कधी नव्हे ते ऐकलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसूनच त्यांनी हुकूम सोडले. "पहिला तनय. दुसरा मुरलीधर. शेवटची अंजनी. खांदा तू दाबणार. तू दाबल्याशिवाय कोणी हलणार नाही! आणि फोन सायलेंट. सगळ्यांचे! आत गेल्यावर कोणाच्या मावशीचा फोन नको."

सगळ्यांनी फोन मुके केले. फक्त आईनं त्याआधीच बेबीताईंना फोन लावून "तुमच्या घरात चोर शिरला" एवढं सांगून टाकलं होतं. तिला कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

बेबीताईंची किल्ली नेहमीप्रमाणे बारलिंग्यांकडेच होती. पुढचं दार उघडलं. बैठकीत कोंडलेली गरम हवा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. सोफ्यावर चादर अंथरलेली, जणू खाली कोणी झोपलंय. अंजनीनं हातातली फिनाइलची बाटली घट्ट धरली. बैठकीच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार होतं. बंद. करर्र... ठक, हा आवाज त्याच्या पलीकडून येत होता.

बाबांचा पहिला धडा : बिजागरी दिसली तर दार आपल्याकडे येतं, दिसली नाही तर पलीकडे जातं. तनयनं बघितलं. दिसत नव्हती. त्यानं बोटानं खूण केली : ढकलायचं.

तेवढ्यात दारापलीकडे कोणीतरी श्वास घेतला.

तिघांनीही ऐकलं. मग पाय घासल्याचा आवाज. मग भांड्याचा हलकासा टण्ण. मग कुजबुज! म्हणजे एक नव्हता. मुरलीधरकाकांच्या मानेवरून घामाचा ओघळ बनियनमध्ये शिरताना अंजनीला दिसला. काकांच्या पुढे तनयची पाठ. लहानपणी हीच पाठ एवढीशी होती. आपण खांदा दाबला की हा सगळ्यात आधी आत जाणार. काय असेल आत? चाकू? सळई? तिनं ठरवलं : नाही दाबायचा. मागे फिरायचं. चोराला सगळं घर नेऊ दे, फ्रिजसकट!

आणि तिच्या खांद्यावर एक हात पडला.

वळून बघायची गरज नव्हती. त्या हाताला साडेचार बोटं होती. अर्धं करवतीनं नेलं होतं, अंजनीच्या जन्माच्याही आधी. फाटकापाशी खुर्ची रिकामी होती तर! ती ओरडणार होती. खरंच ओरडणार होती. पण त्या साडेचार बोटांनी खांदा दाबला, आणि तीस वर्षांची सवय अशी की डोकं काही म्हणण्याआधी तिच्या हातानं काकांचा खांदा दाबला, काकांनी तनयचा, आणि तनयनं कॅरमबोर्डसकट दारावर स्वतःला झोकून दिलं.

आता दाराचं असं झालं, की पलीकडून त्याच क्षणी कोणीतरी ते सर्व शक्तीनिशी ओढलं.

पोत्याची शिवण उसवावी तसे सगळे स्वयंपाकघरात सांडले! कॅरमबोर्ड पितळी परातीवर आदळला आणि असा ठण्ण आवाज झाला की पार रस्त्यावरची सायकल थांबली. वरची बिजागरी चौकटीतून निसटली. मुरलीधरकाकांची छत्री आपोआप उघडली. तिच्यावर कोणीतरी झुरळांचा स्प्रे सोडला.

"पकड लिया! पकड लिया!" तनयची मानगूट धरून एक माणूस ओरडत होता.

"काका, मैं तनय!"

"कौन तनय?"

"बारलिंगे का!"

"तू काहून चोरी करून राहिला रे?"

हे दिवाकरभाऊ, बेबीताईंचे दीर. मागच्या गल्लीत राहायचे, कमानिया गेटजवळ भांड्यांचं दुकान. बेबीताईंचा फोन येताच दुकानातल्या दोन पराती, मागच्या दाराची किल्ली आणि मुलगी वैभवी यांना घेऊन धावले होते. स्प्रे वैभवीच्या हातात होता. गणपतीच्या शिबिरात बाप-लेक दोघंही पहिल्या रांगेत होते. बिजागरी त्यांच्या बाजूला होती. दिसली, म्हणून ओढलं. धडा चोख पाठ!

"नीलकंठभाऊ, तीनदा फोन लावला तुम्हाला!"

"सायलेंट होता. नियम आहे."

"तर मग आईला लावायचा ना!" तनय जमिनीवरून म्हणाला.

"तिलाही लावला होता," दिवाकरभाऊ म्हणाले, "तिचाही सायलेंट! नियम आहे ना!"

आणि मग, सगळे बोलायचे थांबले त्या क्षणी, आतल्या झोपायच्या खोलीतून आवाज आला.

करर्र... ठक.

रांग आपोआप लागली. तनय, दिवाकरभाऊ, काका, अंजनी. मागे साडेचार बोटं. दाब पुढे गेला. चौघं आत घुसले, चार कोपऱ्यांकडे फाकले.

खोलीत टेबलफॅन होता. बेबीताई सकाळी निघाल्या तेव्हा वीज गेलेली, बटण चालूच राहिलं. वीज आली आणि पंखा मान वळवू लागला. कपाटाकडे तोंड आलं की दार करर्र उघडायचं, तोंड फिरलं की ठक मिटायचं. दर नऊ सेकंदांनी.

"क्लिअर!" तनय.

"क्लिअर!" दिवाकरभाऊ.

"क्लिअर हो!" मुरलीधरकाका, उघड्या छत्रीखालून.

चौथा कोपरा पंख्याचा होता. अंजनीनं बटण बंद केलं आणि वळली. बाबा चौकटीला धरून उभे होते. कपाळ घामानं ओलं, ओठ पांढरट, डोळ्यांत मात्र दिवाळी.

"एक कोपरा राहिला," ते म्हणाले.

"बाबा, आधी बसा."

"कोपरा बोलत नाही तोवर खोली संपत नाही, अंजू."

"मी नाही म्हणणार. तुम्ही खुर्चीतून उठलात! तुम्हाला काही झालं असतं तर?" आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वरचा लागला. वैभवीनं स्प्रे पाठीमागे लपवला.

"बरं," बाबा म्हणाले आणि बेबीताईंच्या पलंगावर बसले. "उधार राहिला."

संध्याकाळी बेबीताईंचा फोन आला. "चोर सापडला का?"

"सापडला," आई म्हणाली. "टेबलफॅन."

"अन् दार कोणी तोडलं माझं?"

बाबांनी फोन हिसकावून घेतला. "चिंता नको! मंगळवार होऊन जाऊ द्या, मी स्वतः लावून देतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका!"

मंगळवारी त्यांना चाकांच्या गाडीवरून ऑपरेशनच्या खोलीकडे ढकलत नेलं. दाराशी गाडी थांबली. बाबांनी उताणं पडल्या पडल्या बिजागऱ्या बघितल्या. "दोन्हीकडे उघडतं," ते नाराजीनं म्हणाले. "असल्या दाराचा भरवसा नाही." मग म्हणाले, "शेवटचं कोण आहे?"

अंजनी डोक्याशी उभी होती. तिनं त्यांचा खांदा दाबला. गाडी आत गेली.

बाबा बाहेर आले नाहीत.

बेबीताई नागपूरहून थेट बारलिंग्यांकडे आल्या. दाराबद्दल चकार शब्द नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीत त्यांनी जुनी चादर लटकवली आणि तीन आठवडे ती वर सारून सारून स्वयंपाक केला. दिवाकरभाऊ एकदा सुतार घेऊन आले, तर बेबीताईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. "नीलकंठभाऊ म्हणाले होते, दुसऱ्याचा हात नको."

शेवटी अंजनीच म्हणाली, "दार आपण लावू." पण हत्यारं बाबांच्या मागच्या खोलीत होती, आणि ती खोली ते दवाखान्यात गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. आईनं दोनदा कडीला हात लावला आणि दोनदा तो पदराला पुसला. तनय त्या बाजूनं जाणंच टाळायचा.

रविवारी दुपारी अंजनी त्या दारासमोर उभी राहिली. बिजागरी दिसत नव्हती. म्हणजे ढकलायचं. पण हात उठेना. कितीतरी वेळ उठेना. पुढे ती एकटीच होती, आणि पुढच्यानं दाबाशिवाय आत जायचं नसतं.

मागे चपला वाजल्या. तनय येऊन उभा राहिला. त्याच्यामागे आई. दिवाकरभाऊ परातीशिवाय आले होते, मुरलीधरकाका छत्रीसकट. रांगेच्या शेवटाकडून काहीतरी सरकत सरकत पुढे आलं आणि तिच्या खांद्यावर तनयचा हात घट्ट झाला. पाचही बोटं पूर्ण होती.

ती आत गेली. दारात थांबली नाही.

पहिल्या कोपऱ्यात करवती, मापानं टांगलेल्या. दुसऱ्यात अर्धवट रंधा मारलेली फळी, खाली भुसा तसाच. तिसऱ्यात त्यांची घरातली चप्पल. चौथ्या कोपऱ्यात स्टूल होतं आणि स्टुलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'बेबीताई. किचन. चार इंची, दोन.' आत नव्या बिजागऱ्या होत्या, स्क्रू मोजून कागदात बांधलेले. सोमवारी, दवाखान्यात निघायच्या आधी, फ्रिजवरच्या कागदाला न जुमानता हा माणूस इथे येऊन गेला होता.

अंजनीनं डबा छातीशी धरला. पाठ कोपऱ्याला टेकवली. तोंड उघडलं, काहीतरी पुटपुटली.

बाहेरून तनयचा आवाज आला.

"दीदी, आवाज नाही आला!"

तिला हसू आलं की दुसरं काही, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं छाती भरून श्वास घेतला. भुशाचा, सरसाचा, बाबांचा वास आत गेला. आणि मग शेजारचं कुत्रं जागं होईल इतक्या मोठ्यानं ती ओरडली :

"क्लिअर, बाबा!"