चालू स्थितीतला पॉवर टिलर

आमच्या विद्यालयात 'कृषी व कृषियंत्रे : प्राथमिक ओळख' हा विषय नववी-दहावीला सुरू होऊन आता चार वर्षं झाली आहेत. विषय सुरू झाला त्याच वर्षी शासनाकडून शाळेला एक पॉवर टिलर मिळाला. चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात नवं यंत्र येणं ही साधी गोष्ट नव्हे. ट्रॉलीतून तो उतरवला, बायकांनी कुंकू लावलं, नारळ फुटला, हँडलला लिंबू-मिरची बांधली गेली आणि मुख्याध्यापक केशोराव बिसेन बारा मिनिटं बोलले. मी शाळा व्यवस्थापन समितीचा पालक-सदस्य असल्यामुळे फोटोत टिलरच्या डाव्या बाजूला आहे. पुढे जे घडलं ते मी समितीच्या वतीने, कुणाचीही बाजू न घेता सांगत आहे. माझी मुलगी आचल यंदा दहावीच्या वर्गात होती, हा निव्वळ योगायोग समजावा.

यंत्रासोबत एक पत्र होतं. 'यंत्र सदैव चालू स्थितीत राहील याची दक्षता मुख्याध्यापकांनी व्यक्तिशः घ्यावी. यंत्र नादुरुस्त आढळल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल.' केशोरावांच्या निवृत्तीला तेव्हा साडेचार वर्षं उरली होती. त्यांनी पत्र तीनदा वाचलं, पाणी प्यायलं आणि तातडीची सभा बोलावली.

"वापरलेलं यंत्र बिघडते. हे मान्य हाये का साऱ्याइले?"

सगळ्यांना मान्य होतं.

"मंग न वापरलेलं?"

"ते कायले बिघडन जी?" मी म्हणालो.

हा मुद्दा माझा आहे आणि इतिवृत्तात तो माझ्या नावानिशी नोंदलेला आहे. त्यावर एकमताने ठराव झाला की, यंत्र कायम चालू स्थितीत राहावे म्हणून ते कधीही चालू करण्यात येऊ नये. कारखान्यातून आलेलं प्लास्टिकही काढायचं नाही असं ठरलं. आपण टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक काढतो का? दर तीन महिन्यांनी समितीने पाहणी करायची आणि 'यंत्र चालू स्थितीत आहे' असं प्रमाणपत्र तालुक्याला पाठवायचं. दर दसऱ्याला हार घालायचा. हे सगळं आम्ही न चुकता केलं. बाकीच्या शाळांचे टिलर चिखलाने माखले, कुणाचा पट्टा तुटला, कुणाची नट-बोल्टं हरवली. आमचा मात्र आरशासारखा लखलखत राहिला. शेवटी 'आदर्श यंत्रसंगोपन शाळा' या सन्मानासाठी आमचं नाव जिल्ह्याकडे गेलं.

शिकवायला गजेंद्र सर होते. ते मूळचे चित्रकलेचे. पुण्याकडच्या एका शाळेत अतिरिक्त ठरले आणि आमच्याकडे आवश्यक ठरले. त्यांना यंत्रांचं पाच दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण मिळालं होतं, त्यातले तीन दिवस नेटवर्क नव्हतं. पण माणूस प्रामाणिक. जे येतं ते त्यांनी मन लावून शिकवलं. मुलांनी टिलर समोरून काढला, बाजूने काढला, जलरंगात काढला. सायलेन्सरची सावली कुठल्या बाजूला पडते यावर सलग दोन तास झाले. आचलच्या सावल्या फार सुरेख यायच्या.

शेतीचा भागही वेळापत्रकाप्रमाणे चाले. 'भात रोवणी', म्हणजे भातलावणी, हा धडा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होता, आणि त्याच आठवड्यात निम्मा वर्ग गैरहजर. त्यातच दुर्गेश्वरी होती. बकारामची पोरगी. बकारामची स्वतःची दोन एकर, आणि तीन एकर ठेक्याने केलेली. दहा दिवसांनी ती शाळेत आली तेव्हा सरांनी तिला उभं केलं.

"रोवणीचा धडा झाला. कुठे होतीस?"

"रोवणीलेच होती सर."

"तेच विचारतोय. इथे रोवणी शिकवणं चालू असताना तू रोवणीला कशाला गेलीस?"

दुर्गेश्वरीने खाली पाहिलं. नखांतला चिखल अजून निघाला नव्हता. सरांनी हजेरीपटावर लाल शाईने 'रोवणीबाबत अनभिज्ञ' असा शेरा लिहिला.

या मुलीबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. बकारामचा डिझेल पंप तिच्यापेक्षा वयाने मोठा. तो आठवड्यातून एकदा रुसणार आणि ती त्याला खोलून पुन्हा जोडणार, असं ती पाचवीत असल्यापासून चालू होतं. यंदा ती दहावीला. तंत्रनिकेतनाचं पत्र आलं होतं की, या विषयाच्या प्रात्यक्षिकात शाळेतून पहिल्या येणाऱ्या एका विद्यार्थ्याला कृषियंत्र पदविकेला थेट प्रवेश, फी माफ, वसतिगृह मोफत. बकारामने पोरीला स्पष्टच सांगितलं होतं, "ते भेटलं तं जा बाई. नाई भेटलं तं घरीच राहा, पुढचं शिकवाची माही ताकद नाई." तेव्हापासून ती पोरगी त्या एका जागेसाठी झुरत होती.

प्रात्यक्षिक पन्नास गुणांचं. त्यातले तीस 'इंजिन सुरू करून दाखवणे' यासाठी. इथे समितीपुढे पेच पडला. सुरू करावं तर ठराव मोडतो, न करावं तर निकाल बुडतो. मार्ग गजेंद्र सरांनी काढला. विद्यार्थ्याने यंत्रापासून दोन हात दूर उभं राहायचं, पायऱ्या तोंडी सांगायच्या, हवेत हँडल मारल्याचे हातवारे करायचे आणि इंजिनाचा आवाज तोंडाने काढायचा. कृतिक्रमाला दहा, हातवाऱ्यांना दहा, आवाजाला दहा. आवाज मध्येच तुटला तर इंजिन बंद पडलं असं समजून दोन गुण कापायचे.

डिसेंबरपासून सराव सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ घराघरांतून ढुकढुक ऐकू येऊ लागली. देवरीहून आलेले पाहुणे विचारायचे, तुमच्या गावात टिलर आहेत तरी किती?

परीक्षेला गोंदियाहून इंद्रकुमार नावाचे बहिस्थ परीक्षक आले. "जल्दी निपटाओ भाई, मला परत जायचं आहे," म्हणत ते खुर्चीत बसले आणि मोबाइल काढला. आचलचा नंबर पहिला. तिने इंजिन सुरू केलं, तापवलं, भाताच्या बांधीत घातलं, चिखलात जरा अडकवलंसुद्धा. परीक्षकांनी मान वर केली. "एकदम कंपनी का आवाज! उनतीस." बाप म्हणून माझा ऊर भरून आला.

चौदावा नंबर दुर्गेश्वरीचा.

"सर, सुरू करून दाखवू का जी?"

"हां, हां, करो." मोबाइलवरून नजर न काढता परीक्षक म्हणाले.

तिने प्लास्टिक सोडलं. आम्हाला वाटलं, हातवारे जवळून करणार असेल. तिने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं, दप्तरातून डिझेलची बाटली काढली आणि ओतली. पट्टी ओढून ऑइल बघितलं. पान्याने नळीचा नट ढिला केला. आधी बुडबुडे आले, मग नुसतं डिझेल येऊ लागलं, तसा तिने तो पुन्हा आवळला. "हवा धरली होती," ती स्वतःशीच म्हणाली. मग एका हाताने दाब सोडायचा खटका उचलून दुसऱ्या हाताने हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी खटका सोडला आणि इंजिन काळा धूर ओकत धडधडू लागलं.

काय आवाज होता! चार वर्षं बंद असलेलं जनावर मोकळं सुटावं तसा. पोरं टाळ्या वाजवत होती, मधल्या सुट्टीची खिचडी सोडून बाया धावत आल्या, रस्त्यावरची माणसं फाटकाशी थांबली. मलाही आनंद झाला. हे मी समितीच्या वतीने सांगत नाही, माझं मी सांगतो. तेवढ्यात केशोराव धावत आले, दोन्ही हात डोक्याला लावून.

"बंद करा! अरे बंद करा! तो चालून राहिला!"

सोमवारी सन्मानाचं पाहणी पथक यायचं होतं. लगेच सभा भरली. आमचा विचार अगदी शिस्तीत पुढे गेला. यंत्र चालू स्थितीत आहे अशी आमच्या सह्यांची प्रमाणपत्रं तालुक्यात होती. यंत्र आज चालू झालं असेल, तर ते आता न वापरलेलं नाही, म्हणजे सन्मान गेला. मागची प्रमाणपत्रंही न चालवता दिली हे बाहेर येणार. सह्या कुणाच्या? इथे बसलेल्या सगळ्यांच्या. सबब, यंत्र चालू झालेलं नाही. धुराने काळी पडलेली भिंत संध्याकाळपर्यंत चुन्याने पांढरी करण्यात आली. आवाजाबाबत असं नोंदवलं की, तो विद्यार्थ्यांच्या सामूहिक सरावाचा असावा.

राहिले गुण. परीक्षक भले माणूस, त्यांनी नियम काढून दाखवला. नट ढिला करण्याची पायरी पुस्तकात नाही, म्हणून कृतिक्रमाला चार. हातवारे केले नाहीत, प्रत्यक्ष हँडल धरलं, म्हणून शून्य.

"और आवाज तो निकालना था बेटी. तू तर गप्प उभी होतीस."

"इंजनच आवाज करून राहिला होता ना जी."

"इंजिनाला गुण देण्याची तरतूद नाही," गजेंद्र सर हळूच म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मग गावाचं निवेदन तयार झालं, 'उक्त दिनांकास कोणतेही यंत्र सुरू झाल्याचे आम्ही ऐकले नाही.' दोनशे बारा सह्या आणि अंगठे. समितीच्या खालोखाल फाटकाशी थांबलेल्यांनी केल्या. बकाराम तेवढा अडला. "म्या कानानं आयकलो. काऊन खोटं लिहू?" पण तो मुलीचा बाप, त्याचा हितसंबंध येतो, म्हणून त्याचं ऐकणं ग्राह्य धरता आलं नाही. मी दुसऱ्या क्रमांकावर सही केली. सन्मान मिळाला. आचल प्रात्यक्षिकात पहिली आली आणि तंत्रनिकेतनाची जागा तिला मिळाली.

प्रात्यक्षिकाच्या निकालानंतर चौथ्या दिवशी माझा डिझेल पंप बंद पडला. उन्हाळी धानाच्या बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या आणि देवरीचा मिस्त्री दोन दिवस यायचा नव्हता. मी दुर्गेश्वरीला बोलावलं. मला वाटलं, येणार नाही. आली. फिल्टर साफ केला, हवा काढली, हँडल मारलं. पाणी पाटात पडू लागलं. ओढणीला हात पुसत ती म्हणाली,

"काका, सुरू झाला ना?"

"झाला ना बाई. झकास झाला."

"मंग तेवढंच एका कागदावर लिहून द्या. दुर्गेश्वरीनं इंजन सुरू केला म्हणून. मी तंत्रनिकेतनात जाऊन दाखवतो."

मी तिला समजावून सांगितलं की, समितीच्या सदस्याला असं वैयक्तिक प्रमाणपत्र देता येत नाही, त्यासाठी ठराव लागतो. पाना उचलून ती बांधाबांधाने निघून गेली.

तुम्ही वाचता वाचता मान हलवत असाल. काय हा माणूस, असं म्हणत असाल. म्हणा. पण तुमच्या पोराने सातवीत ठिबक सिंचनाचं जे मॉडेल केलं, त्याच्या नळ्या कुणी कापल्या? वही कुणाच्या अक्षरात होती? त्याला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला, तेव्हा मागच्या रांगेत जी पोरगी स्वतः बनवलेला मातीचा बांध घेऊन बसली होती, तिचं नाव आठवतं का? बक्षिसाचा तो फोटो तुमच्या बैठकीत चौकटीत लावला आहे. मी तुमच्याकडे चहाला आलो होतो तेव्हा पाहिला. छान आहे म्हणालो, आणि तुम्ही आणखी बिस्किटं पुढे केलीत.