बरणीतले काका

काकूंच्या घरात कुठलीही वस्तू मरत नसे. तिचा फक्त हुद्दा बदलत असे. काकांचा शर्ट विरला की त्याची उशीची खोळ होई, खोळ फाटली की दूध गाळायचं फडकं, मग शेळीची कास पुसायचं फडकं, मग काचा पुसायचा बोळा. आणि अगदीच काही उरलं नाही म्हणजे तो बोळा दाराच्या फटीत बसून थंडी अडवायच्या कामाला लागे. सांडलेली पेंड, दुधाच्या भांड्याची खरवड, सुतळीचा वीतभर तुकडा, सगळे काकूंच्या नोकरीत होते. चार शेळ्या, परसातले भाजीचे वाफे आणि काकूंचा हा स्वभाव, एवढ्यावर ते घर चाललं होतं. बिनकामाचं ठरून त्या घरातून कधी कोणी बाहेर गेलं नव्हतं. आणि काका तर बिनकामाचेही नव्हते, तरी गेले.

ते गेले त्या संध्याकाळीही काकूंनी शेळ्यांच्या धारा काढल्या. आलेगेले लोक त्या रडायची वाट बघत बसले होते. काकू बादली धुऊन आल्या आणि म्हणाल्या, शेळ्यांना कुठे माहीत आहे काय झालंय ते, त्यांची कास तर भरणारच. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. पुढच्या आठवड्यात काकूंनी काकांचे कपडे बाहेर काढले, कात्री घेतली आणि त्यांची फडकी करायला बसल्या, तेव्हा तर सूनही आतल्या खोलीत निघून गेली. तिचा नवरा, म्हणजे काकूंचा मुलगा, ट्रकवर असे आणि अधूनमधून घरी येई. काका गेल्यावर सासू एकटी पडू नये म्हणून ती शहरातली खोली सोडून इथे राहायला आली होती. सासू एकटी पडली आहे की नाही, हेच तिला आता कळेनासं झालं.

एक शर्ट मात्र कात्रीतून सुटला होता. दवाखान्यात जाताना काकांनी तो अंगावरून काढून दाराआडच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाले होते, "धुऊ नकोस, आल्यावर हाच घालतो." चौकड्यांचा शर्ट. त्याला साबणाचा, घामाचा, वाळल्या गवताचा, खोकल्याच्या गोळीचा आणि या सगळ्यांच्या वर शेळ्यांचा वास होता. या वासावरून काकूंनी काकांशी उभा जन्म भांडण केलं. अंगणातल्या नळावर हातपाय धुतल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. आता त्याच दाराआड, सून वाफ्यात गेली की, काकू शर्टात नाक खुपसून उभ्या राहायच्या.

पण वास उडू लागला. उघड्यावर ठेवलेल्या कॉफीचा दम जातो, बिस्किटं सादळतात, तसा शर्टातला माणूसही हळूहळू कमी होत चालला. काकूंनी यावर त्यांच्या पद्धतीनं उपाय केला. अख्खा शर्ट बरणीत मावेना, म्हणून जिथे वास जास्त मुरला होता तेवढे भाग, म्हणजे कॉलर आणि दोन्ही काखा, कापून कॉफीच्या रिकाम्या बरणीत भरले आणि झाकण घट्ट लावून कपाटात ब्लँकेटांच्या मागे ठेवून दिलं. उरलेला शर्ट वाया कशाला घालवायचा? त्याची फडकी झाली. आणि वास लवकर संपू नये म्हणून त्यांनी स्वतःवर रेशन लावून घेतलं. बरणी फक्त रविवारी उघडायची, तीही नाकापुरती, आणि एक श्वास घेऊन लगेच बंद करायची. दुसरा घ्यावासा वाटे. पण पुढच्या वर्षी काय करणार, असं मनाशी म्हणून त्या झाकण फिरवत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारीचं डोकं फिरलं.

आता दुसऱ्या बरणीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला. चार शेळ्यांसाठी बोकड पाळणं परवडत नाही. तो वर्षभर खातो आणि काम मोजके दिवस करतो. गल्लीच्या पार टोकाला राहणाऱ्या निवृत्त मास्तरांकडे एक बोकड होता आणि याच कारणानं सगळे त्याला साहेब म्हणत. शेळी माजावर आली की तिला साहेबांकडे न्यायची. पण ती आली की नाही हे कळणार कसं? दरवेळी दावं धरून तिला गल्लीभर ओढत नेण्यापेक्षा काकूंनी सोपी युक्ती काढली होती. एक फडकं साहेबांच्या कपाळावर आणि दाढीवर खसाखसा चोळायचं आणि बरणीत बंद करून गोठ्यात ठेवायचं. सकाळी शेळीच्या नाकाशी झाकण उघडायचं. तिनं शेपटी हलवली, ओरडली, बरणीला चिकटली, तर समजायचं वेळ आली. तोंड फिरवलं तर झाकण लावून आपल्या कामाला लागायचं. हल्ली या बरणीत जे फडकं होतं ते त्याच चौकड्यांच्या शर्टाचं होतं, आणि बरणीही कॉफीचीच होती. काकूंच्या घरी एका जातीच्या बरण्या ढिगानं असायच्या.

त्या आठवड्यात फडक्याचा वास उतरला म्हणून काकूंनी ती बरणी मास्तरांकडे पाठवली होती. सुनेला ते माहीत नव्हतं. शनिवारी ब्लँकेट काढताना तिला कपाटात बरणी दिसली. आत चौकड्यांचं फडकं. तिनं झाकण जरासं उघडून बघितलं, शेळ्यांचा वास आला आणि तिची खात्री पटली. सासूबाई हल्ली विसरू लागल्या आहेत, गोठ्यातली बरणी कपाटात ठेवून बसल्या, हे बघून तिला गलबलून आलं. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून तिनं गुपचूप बरणी नेऊन गोठ्यातल्या फळीवर ठेवली. घरातली निम्मी नुकसानं अशी एकमेकांचं मन जपण्यातूनच होतात.

रविवारी सकाळी काकूंची कंबर धरली. त्यांनी पडल्या पडल्या सुनेला धारा काढायला सांगितलं आणि तांबडीकडे जरा लक्ष ठेव म्हणाल्या, ती माजावर यायची आहे. तांबडी ही कळपातली सगळ्यात हट्टी शेळी. काका गेल्यापासून ती दूधही हात राखून देत होती. सुनेनं धारा काढल्या, फळीवरची बरणी घेतली आणि तांबडीच्या नाकाशी झाकण उघडलं.

तांबडीनं कान टवकारले. मग तिनं अख्खं तोंड बरणीत घातलं आणि अशी ओरडली की बाकीच्या तिन्ही शेळ्या उठून उभ्या राहिल्या. शेपटी तर थांबेचना. सुनेच्या आयुष्यातलं हे पहिलं स्वतंत्र निदान होतं. सासूबाईंना उठवायचं नाही, सगळं उरकून मगच सांगायचं, असं ठरवून तिनं दावं सोडलं, बरणी पिशवीत टाकली आणि निघाली. खरं म्हणजे तांबडीच निघाली. सून मागून ओढली जात होती. आधी तांबडी अंगणातल्या नळापाशी थांबली आणि ओल्या फरशीवर नाक लावून हुंगत राहिली. मग फाटकाबाहेरच्या दगडापाशी. पुढे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानात ती सरळ आत शिरली, स्टुलाभोवती फिरली, त्याच्याकडे बघून ओरडली. सायकलवाला हातातली ट्यूब खाली ठेवून तिच्याकडे नुसताच बघत राहिला. सुनेनं त्याची माफी मागितली आणि माजाची शेळी अशीच करते, असं आपल्या नव्या ज्ञानाच्या जोरावर त्याला सांगितलं.

मास्तरांच्या अंगणात मात्र सगळं मुसळ केरात गेलं. साहेब ओठ वर करून मोठ्या डौलात पुढे आले. तांबडीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, मागे अंगणभर बघितलं, घरात डोकावून बघितलं, परत साहेबांकडे बघितलं. मग तिनं साहेबांना एक सणसणीत धडक दिली आणि खाली बसली ती बसलीच.

"सूनबाई, ही नापास आहे," मास्तर म्हणाले.

सुनेनं शेपटीचा पुरावा सांगितला. मास्तरांनी बरणी मागून घेतली, वास घेतला आणि नाक मुरडलं. हे कसलं फडकं, यात बोकडाचा दमच नाही, म्हणाले. मास्तरांना अर्धवट काम आवडत नसे. त्यांनी आतलं सगळं कापड बाहेर काढलं, साहेबांच्या कपाळावर, दाढीवर आणि आणखी जिथे जिथे साहेब विशेष दरवळत तिथे रगडून रगडून चोळलं आणि बरणीत कोंबून झाकण लावलं. मग त्यांना आठवलं की काकूंची बरणी तर आपल्याकडेच आहे. तीही त्यांनी आणून दिली. सून दोन बरण्या आणि पाय रोवून बसलेली शेळी घेऊन परत निघाली. येताना ओढायचं काम तिच्याकडे आलं होतं.

इकडे घरात कोणी नाही असं बघून काकू भिंतीला धरून उठल्या होत्या. रविवार होता. सून आली तेव्हा कपाटातली सगळी ब्लँकेटं जमिनीवर पडली होती आणि काकू त्यांच्या मधोमध बसल्या होत्या.

"काय शोधताय, आई?"

"इथे एक बरणी होती."

"बोकडाची ना? ती काल मीच गोठ्यात ठेवली. चुकून इथे आली होती."

काकूंनी मांडीवरचं ब्लँकेट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "ती बोकडाची नाही गं. ह्यांची आहे."

सुनेला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ती ब्लँकेटांवरच त्यांच्यासमोर बसली. पिशवीतून तिनं दोन्ही बरण्या काढून पुढे ठेवल्या. कॉलर कुठल्या बरणीत आहे ते काचेतून दिसत होतं. काकूंनी ती उघडली आणि साहेबांचा उग्र दर्प खोलीभर पसरला. काकूंनी कॉलर नाकाशी धरली. बाजू बदलून पुन्हा धरली. शिवणीपाशी, बटणाच्या काजापाशी, जिथे जिथे एखादा कण राहिला असेल तिथे त्या श्वास ओढून शोधत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी रेशन पाळलं नाही. पण सगळीकडे साहेबच होते. वर्षभर पुरवायला जपून ठेवलेलं माणूस एका सकाळीत संपलं होतं.

सून रडू लागली. काकू रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं, पण काकूंमध्ये रागवायचं बळ नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की तांबडी नक्की काय करत होती. सुनेनं हुंदके देत सांगितलं: ओरडत होती, ओढत होती, नळापाशी थांबली, मग फाटकाबाहेरच्या दगडापाशी, मग सायकलवाल्याच्या दुकानात घुसली.

"स्टुलापाशी?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"हे बसायचे तिथे. चरायला नेताना रोज. आधी दगडावर बसून चपला झटकायचे, मग तिथे गप्पा." काकूंनी कॉलरची घडी केली. "माज नव्हता तो. ती ह्यांना शोधत होती."

काका गेले हे तांबडीला कोणी सांगितलंच नव्हतं. रोज पहाटे येणारं माणूस एक दिवस आलं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि ती इतके दिवस वाट बघत होती. शेळ्यांना काय कळतंय, असं काकूच म्हणाल्या होत्या. आपल्याच घरात, भिंतीपलीकडे, आणखी एक जीव झुरत होता आणि आपण सगळा वास एकटीनं कपाटात दडवून ठेवला, हे मनात आलं आणि काकूंना स्वतःची फार लाज वाटली.

त्या बरणी घेऊन, सुनेच्या खांद्यावर हात टाकून गोठ्यात गेल्या. तांबडी भिंतीकडे तोंड करून बसली होती. काकूंनी झाकण उघडून बरणी तिच्यासमोर धरली. तांबडीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"बरोबर आहे बाई," काकू म्हणाल्या, "मीपण असंच तोंड फिरवायचे." आणि त्या झाकण लावणार तोच तांबडी परत वळली. तिनं नाकपुड्या फुगवल्या, तोंड बरणीत घातलं, साहेबांवर एकदा जोरात शिंकली आणि आणखी आत, तळापर्यंत नाक नेऊन स्तब्ध उभी राहिली.

काकू तिच्या कानाशी वाकल्या. "आहेत का गं आत?" त्यांनी हळूच विचारलं.

तांबडीची शेपटी हलू लागली. काकू तिच्या मानेला मिठी मारून रडल्या. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच रडल्या, तेही इतक्या मोठ्यानं की सुनेनं गोठ्याचं दार लोटून घेतलं आणि आपणही आतच थांबली.

पुढे तांबडी खरोखर माजावर आली, साहेबांनी आपलं काम केलं, आणि आपण फडकं नीट चोळून दिलं म्हणूनच हे जमलं, असं मास्तर अजूनही सगळ्यांना सांगतात. कोणी त्यांना खोडून काढलेलं नाही. काकू आता वार बघत नाहीत. मन भरून आलं की उठतात आणि कॉलरची बरणी घेऊन गोठ्यात जातात. पण ती त्या स्वतःच्या नाकाशी नेत नाहीत. त्यांना आता तिथे बोकडच सापडतो. बरणी धरायचं काम सुनेकडे असतं. ती तांबडीच्या तोंडाशी झाकण उघडून बसते, आणि काकू मागच्या बाजूला बसून शेपटीकडे बघत राहतात.