दाखल क्रमांक ८४१७

मागच्या भिंतीतली सैल वीट काढून शिपाईमामांनी जो डबा आणला, त्यात बोटभर पेन्सिल आणि काडेपेटीएवढी वही होती. वहीत तारखा, तारखांपुढे सह्या. स्थानिक इतिहास संशोधन ग्रंथालयात अशा वस्तूचं दुसरं काय होणार? ग्रंथपालबाईंनी तिच्यावर दोन ठिकाणी शिक्का मारला, दाखल क्रमांक ८४१७ दिला, 'हस्तलिखिते, दुर्मीळ' असं कार्ड केलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

"अहो बाई, तारखा गेल्या महिन्यातल्या आहेत," मामा म्हणाले.

"शंभर वर्षांनी जुन्या होतील. आपल्याला कसली घाई?"

घाई होती. महिनाअखेरपर्यंत तीनशे वाचक झाले नाहीत तर ग्रंथालय बंद, असं मुख्य कचेरीचं पत्र आलं होतं. पंधरा तारखेला नोंदवहीत अकरा वाचक होते. त्यातले नऊ म्हणजे पंख्याखाली डुलकी काढायला येणारे एकच निवृत्त मास्तर.

दुसऱ्या दिवशी एक तरुणी हातात फोन धरून मागची भिंत चाचपताना दिसली.

"काय हरवलंय?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"डबा, मॅडम. खेळ असतो हा. फोनवरच्या नकाशावरून डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, परत ठेवून द्यायचा."

"तो आता आमच्या संग्रहात आहे. अर्ज भरा. दोन फोटो, ओळखीचा पुरावा. आणि चिठ्ठीवर दाखल क्रमांक लागेल."

"तो कुठे मिळेल?"

"लाकडी खणांत कार्डं आहेत. शोधा."

कोणीही शहाणा माणूस इथून घरी गेला असता. आजवरचे सगळे शहाणे गेलेच होते. हिचे मात्र डोळे चमकले. तिला वाटलं, हाही खेळच आहे. दोन तास खणांत नाक खुपसून तिनं कार्ड काढलं, बाईंच्या नजरेखाली सही केली आणि खेळाच्या संकेतस्थळावर लिहिलं, 'आजवरचा सगळ्यात अवघड डबा. राखणदार बाई अफलातून. एकदाही हसल्या नाहीत.'

आठवड्यात रांग जिन्यापर्यंत आली. मास्तरांची खुर्ची गेली. बाईंनी एकाचा अर्ज फोटोत कान दिसत नाही म्हणून परत केला. त्यानं आनंदानं मित्रांना फोन केले. त्या जितक्या खेकसत, तितकी डब्याची कीर्ती वाढे.

महिनाअखेरीस मुख्य कचेरीचे साहेब आले. नोंदवहीत चारशे बारा.

"वा! काय वाचतात हो एवढं?"

खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती. त्यांनी मागणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. "८४१७."

"आणि बाकीची ८४१६?"

"ती... आहेत."

आठ दिवसांनी पत्र आलं. ग्रंथालय चालू राहील, अभिनंदन. वाचकांना बसायला जागा अपुरी पडत असल्यानं, महिनाभरात मागणी न झालेली सर्व पुस्तकं सोमवारी गोदामात हलवावीत. डब्याचं कपाट जागेवर राहील.

"जिंकलो की, बाई!" मामा म्हणाले.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग 'आपल्या गावाचा इतिहास, खंड पहिला' फळीवरून उतरवला, झटकला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला.

"मामा, भिंतीच्या अजून दोन विटा काढा."

"भिंत पडेल हो!"

"पडली तर डागडुजीचा अर्ज करू. काढा." आणि त्यांनी तरुणीला फोन लावला. "नवा डबा आहे म्हणून टाक. अवघड आहे म्हणावं."

संध्याकाळी बाईंनी भिंतीतून पिशवी काढून उघडली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी ते पुस्तक उघडलं होतं. पहिल्या कोऱ्या पानावर सतरा सह्या होत्या. दुसऱ्यापासून पुढची पानं छापखान्यातून आली तशीच एकमेकांना चिकटलेली होती.

बाईंनी मागणीची वही ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: खंड पहिला, वाचक सतरा.

"मामा," त्या म्हणाल्या, "खंड दुसरा काढा."