रुमालाखालचे सुखदेवभाऊ

अकोल्यातले आमचे शेजारी सुखदेवभाऊ कुठल्याही वस्तूचा भाव तोंडानं सांगत नाहीत. वांगी घ्यायची असोत की स्कूटर, खांद्यावरचा रुमाल समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबायची. चाळीस वर्षं त्यांनी कापसाची दलाली केली आणि जुन्या बाजारात सौदे असेच व्हायचे. वर दोघांचे चेहरे दगडाचे, खाली बोटांची हाणामारी. पुढे भाव फलकावर आले, पण भाऊ रुमालातच राहिले. दाढ काढायची फीसुद्धा त्यांनी रुमालाखाली ठरवायला घेतली. डॉक्टरला वाटलं, पेशंट भेदरून हात धरतोय. त्यानं पाठ थोपटून निम्मीच फी घेतली. एटीएमवर मात्र बँकेच्या सूचनेप्रमाणे वागणारा अख्ख्या वऱ्हाडात हा एकच माणूस: आकडे दाबताना हात पूर्ण झाकलेला.

अशा माणसाला जावयानं सत्तरीची भेट म्हणून गोव्यातल्या पोकरच्या मोठ्या स्पर्धेचा प्रवेश काढून दिला आणि स्वतः आठ दिवस हसत बसला. भाऊंना येत होती फक्त तीनपत्ती. सोबतीला मला घेतलं, कारण मी निवृत्त मास्तर, म्हणजे मला इंग्रजी येतं, असा त्यांचा गैरसमज आहे.

निघताना भाऊंचा पाय मात्र निघेना. तीन वर्षांपूर्वी लीलावहिनींना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात. रोज दुपारी चारला भाऊ त्यांच्या हातावर रुमाल टाकून बसतात. माश्यांचा त्रास होत असेल, असं मी समजून होतो. अखेर वहिनींची बहीण विमलताई अमरावतीहून येऊन राहिल्या, तेव्हा भाऊ उठले. "तीन दिवस. चौथ्या दिवशी मी इथंच हाये," हे वहिनींना पाचदा सांगून.

गोव्याच्या त्या दालनात किमान दहा हजार माणसं असावीत. भाऊ म्हणतात पाचशे, पण ते दलाल, आकडा कमीच सांगणार. मी खेळाचे नियम तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा वेगळा खेळ समजला. भाऊंना एका मिनिटात कळला.

"दोन पत्ते झाकलेले, पाच उघडे. म्हंजे माल गाठोड्यात, नमुना बाहीर. यात काय शिकाचं हाये?"

पत्त्यांवर रुमाल टाकायला पंचानं मनाई केली. भाऊंनी तो मांडीवर ठेवला आणि जिंकायला लागले. काळे चष्मे लावलेली, टोप्या ओढलेली पोरं एकामागून एक उठून जात होती. मी विचारलं, "भाऊ, त्यांचे तर डोळेही दिसत नाहीत."

"तोंडं काय पाह्यता मास्तर? तोंड लबाड असते. बोटं पाहा. त्या निळ्या शर्टवाल्याची करंगळी कवाची ओरडून राह्यली."

मी तासभर त्या करंगळीकडे पाहिलं. ती गप्प होती.

जिंकत गेलं की मुक्काम वाढतो, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चौथा दिवस उजाडला, भाऊ अजून खेळतच. दुपारी दोघंच उरले: भाऊ आणि निळा शर्ट. चारच्या सुट्टीत भाऊंनी घरी फोन लावला.

"भाऊजी, सकाळपासून घास नाही घेतला तिनं," विमलताई म्हणाल्या. "तुमच्यासारखा रुमाल टाकून पाह्यला, तं माहा पुरा पंजाच धरला. सोडूनच नाही राह्यली."

भाऊंनी फोन खिशात टाकला. "मास्तर, गाडी किती वाजता हाये?"

"अहो, पण स्पर्धा?"

"पुरा पंजा धरला म्हंजे बोली खतम. आता माल घरी न्या लागते."

ते टेबलावर गेले आणि पत्ते न पाहताच समोरचा पैशांच्या चकत्यांचा सगळा ढीग पुढे ढकलला. हरायचं आणि सुटायचं. पण त्या दगडी चेहऱ्याचा इतके दिवस मार खाल्लेल्या निळ्या शर्टनं घाबरून पत्ते टाकले, ती खेळी सोडून दिली. भाऊंनी पुन्हा ढकलला. त्यानं पुन्हा टाकले. "अरे बाबू, घे ना," भाऊ विनवत होते आणि त्याला तो डाव वाटत होता. शेवटी चिडून त्यानंही सगळं लावलं. पत्ते उघडले. भाऊ जिंकले होते. कशानं, ते मला अजून समजलेलं नाही, भाऊंनाही नाही. निकाल ऐकायला ते खुर्चीत नव्हतेच. चषकासोबतच्या फोटोत मी आहे.

घरी पोचल्यावर चषक चपलांशेजारी ठेवून भाऊ आत गेले. वहिनींच्या हातावर रुमाल टाकला. खाली बोटं हलू लागली, आधी हळू, मग भांडल्यासारखी भराभर. तीन वर्षं मी ज्याला माश्यांचा बंदोबस्त समजत होतो, ते सगळं बोलणं होतं.

मी भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गोव्यात कुणाला वाचता आला नाही तो चेहरा आता माझ्यासारख्यालाही लख्ख वाचता येत होता.

"मास्तर," भाऊ मान न वळवता म्हणाले, "तोंड तिकडं करा. सौदा चालू हाये."