एक जादा असलेला बरा

बाबांचं सगळ्या संसारात एकच तत्त्व होतं: एक जादा असलेला बरा. प्रवासाला निघताना एक जादा सदरा, पावसाळ्यात एक जादा छत्री. आणि घरातली कुठलीही वस्तू त्यांनी दुरुस्त केली की आतला एखादा भाग जादा उरायचाच. तो ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि म्हणायचे, "बघा, याच्याशिवाय चालतंय. कंपनीवाले उगाच भरताड करतात." (टेबलफॅनने तेव्हापासून मान हलवणं सोडलं होतं, पण घरात तो विषय कुणी काढत नसे.)

तर लेक दहावी झाली. यंत्रांचं इंजिनिअरिंग करायचं हे तिनं सातवीतच ठरवलं होतं. अकरावीला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घ्यायचं, इथपर्यंत बापलेकीचं एकमत. घोडं अडलं चौथ्या विषयावर. तिला हवं होतं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि बाबांना जीवशास्त्र.

"उद्या मन बदललं तर डॉक्टर होता येईल. एक जादा असलेला बरा."

"बाबा, रक्त बघून मला चक्कर येते."

"मग चष्म्याची डॉक्टर हो."

"आणि त्या बेडकांच्या नादात माझं गणित राहिलं तर? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. मग काय करू?"

त्यावर बाबांनी आवाज चढवला. खरं तर पोरीला पुढे पस्तावायची वेळ येऊ नये, एवढीच त्यांची धास्ती होती. पण धास्ती सांगणं बापाला कुठे जमतं? ओरडणं जमतं.

विषय कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. पाचच्या आत पालकाची सही घेऊन शाळेत जायचं होतं. बाबा पोस्टातून रजा काढून घरी थांबले आणि वेळ फुकट जाऊ नये म्हणून बाथरूमच्या दाराची खिळखिळी झालेली मूठ दुरुस्त करायला बसले. (इथेच त्यांना कुणीतरी हाताला धरून उठवायला हवं होतं.) मूठ बसली, झकास दिसायला लागली. बाबा ऐटीत आत गेले आणि पक्की बसली का बघायला दार ओढून घेतलं. खट्.

बराच वेळ आतून नुसताच मूठ फिरवल्याचा आवाज येत राहिला.

"अहो, काय चाललंय?" आईनं विचारलं.

"तपासतोय."

"अजून?"

"मूठ हातात आली."

आई दारापाशी आली आणि लेकीला म्हणाली, "दाराखालून कागद सरकव. आधी सही घे, मग बाहेर काढू. असा बाप पुन्हा तावडीत सापडायचा नाही."

"मला सगळं ऐकू येतंय," आतून आवाज आला.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय."

"नको, आई," लेक म्हणाली. "अशी सही मला नको. त्यांना पटलं तर करतील, नाहीतर घेईन जीवशास्त्र." आत बाबा उलट्या बादलीवर बसले होते. हातातली मूठ त्यांना एकदम जड वाटू लागली.

"बाबा, आज काय काय उरलं?"

आतून हळूच उत्तर आलं, "दोन स्क्रू."

"आणखी?"

"एक चौकोनी सळई. बोटाएवढी."

"अहो बाबा, ती दोन्ही मुठींच्या मधून जाते. तिच्यावरच तर दार उघडतं. कुठे ठेवलीत?"

"डब्यात," बाबा म्हणाले. एवढ्या बारीक आवाजात ते लग्नातही बोलले नव्हते.

लेकीनं डबा धुंडाळून सळई काढली, भोकात घालून फिरवली. दार उघडलं. बाबा बाहेर आले, कागद भिंतीवर धरला, स्वतःच्या हातानं चौथ्या विषयापुढे ड्रॉइंग लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"चल, उशीर होईल," एवढंच म्हणाले.

दोघं धापा टाकत शाळेत पोहोचली, तेव्हा मॅडम टेबल आवरत होत्या. त्यांनी कागद पाहिला आणि चष्म्यावरून लेकीकडे बघितलं. "जीवशास्त्र नको? पुष्कळ पालक जादा म्हणून घ्यायला लावतात."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

"बरं, इंजिनिअरिंगच का करायचंय?"

"घरी गरज आहे, मॅडम."

मॅडम कळवळल्या. "वडील काय करतात?"

"पोस्टात असतात," लेक म्हणाली. "पण सुट्टीच्या दिवशी दुरुस्ती करतात."

मॅडमनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी नमस्कारासाठी हात जोडले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बाथरूमची मूठ अजून हातातच आहे. मॅडमनी मुठीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं शिक्का मारला.