जीपच्या पोटाला चिलखत

डॉक्टरांना जीपखालून बाहेर काढायचं असेल तर चहाचा कप पुढच्या चाकाजवळ ठेवायचा, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. हाका मारून उपयोग नव्हता. चहाच्या वासाने आधी एक काळाकुट्ट हात बाहेर यायचा, मग दुसरा, आणि सगळ्यात शेवटी कण्हत कण्हत डॉक्टर.

डॉक्टर दातांचे. मागच्या सहलीत टेकडी चढताना त्यांच्या जीपच्या पोटावर एक दगड असा बसला, की इंजिनातलं सगळं तेल रस्त्याने पिऊन टाकलं. मित्र माथ्यावर आपापल्या जीपांसोबत फोटो काढत होते, तेव्हा डॉक्टर ट्रकवर चढवलेल्या जीपशेजारी तोंड पाडून बसले होते. या रविवारी सगळे पुन्हा जाणार होते, आणि या वेळी जीप माथ्यावर न्यायचीच, असा डॉक्टरांनी निश्चय केला होता. म्हणून हे लोखंडी चिलखत. मदतीला बायकोचा भाऊ होता. तो खरं तर विश्रांतीसाठी आला होता, बिचारा.

"दाजी, इंजिनाखाली पत्रा बसला. झालं ना आता?" मेहुण्याने आशेने विचारलं.

"आणि शेजारचा गिअरबॉक्स? एका दाताला कॅप आणि शेजारचा उघडा, असं चालतं का?"

गिअरबॉक्सखाली पत्रा बसला. मग पेट्रोलची टाकी उघडी वाटायला लागली. ती झाकल्यावर दोन्ही बाजूंना जाड नळ्या आल्या, पुढे भलंमोठं गार्ड आलं. डॉक्टर दात बघायचा आरसा घेऊन जीपच्या पोटाचा कोपरान् कोपरा तपासत होते. मेहुण्याचे हात वर धरून धरून असे अवघडले, की जेवताना घास तोंडापर्यंत न्यायचाही त्याला कंटाळा यायला लागला.

"बाबा, मांजर जीपखाली जात नाहीये," एक दिवस लेक म्हणाली.

"जाड झाली असेल."

"मांजर नाही, जीप!"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. खरंच, लोखंडाच्या वजनाने स्प्रिंगा दबून जीपचं पोट चांगलंच खाली आलं होतं.

"मग काढू या थोडे पत्रे?" मेहुण्याचा चेहरा उजळला.

"काढू या? अरे, पोट खाली आलं म्हणजे दगड जास्त लागणार. म्हणजे पत्रा आणखी जाड हवा!"

मेहुणा तिथेच पायरीवर बसला आणि अवघडलेले खांदे चोळायला लागला.

रविवारी सगळं घर जीपमध्ये बसलं. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला आणि खालून 'खर्रर्र' आवाज झाला. जीप थांबली ती थांबलीच.

"उतरा रे जरा," डॉक्टर म्हणाले.

मेहुणा उतरला, लेक उतरली. खर्रर्र. बायको उतरली. खर्रर्र.

"अहो, आता तुम्ही उतरून बघता का?" बायको शांतपणे म्हणाली.

डॉक्टरांचा देह भरदार. ते उतरले तशी जीपने हुश्श केल्यासारखं अंग वर उचललं. चवळीच्या शेंगेसारखी बायको आत चढली आणि जीप अलगद पलीकडे गेली.

मग काय, ज्याच्या हातात जीप चालते त्यानेच चालवायची. सपाट रस्त्यावर सगळे कसेबसे बसले, पण टेकडीच्या पायथ्याशी पुन्हा खर्रर्र झालं. पुढे जीप आणि बायको, मागे धापा टाकत पायी वरात.

"दगडावर घाल! घाबरू नकोस, खाली पत्रा आहे!" डॉक्टर मागून ओरडत होते.

"बाबा, आईला ऐकू येत नाहीये."

"येतंय गं," मेहुणा म्हणाला, "लहानपणापासून ओळखतो मी तिला."

डॉक्टर माथ्यावर पोचले तेव्हा टाळ्या वाजून, फोटो काढून झाले होते.

"डॉक्टर, चिलखत म्हणजे चिलखत!" एक मित्र म्हणाला. "वहिनी, तेवढ्या दगडांवरून नेलीत तरी कशी?"

"दगडांवरून कशाला? बाजूने जागा होती की."

सगळे खायला बसले. डॉक्टर हळूच जीपच्या पलीकडे गेले, गुडघ्यांवर बसले आणि खाली डोकावले. पत्रा नवा कोरा. एवढासुद्धा ओरखडा नाही. इतक्या दिवसांची पाठदुखी, मेहुण्याच्या सुट्टीचा चुराडा, आणि दगडाने साधं विचारलंही नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एक गोटा उचलला आणि पत्र्यावर घासायला सुरुवात केली.

मागून सावली पडली. बायको उभी होती. डॉक्टरांचा हात तसाच थांबला.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, आणि वाकून आजूबाजूला थोडं शोधलं.

"हा घ्या," एक टोकदार दगड पुढे करत ती म्हणाली, "तो गुळगुळीत आहे."