निप्पलले कडुनिंब

पियूषने चहाचा पहिला घोट घेतला आणि धावत जाऊन मोरीत थुंकला.

"यार, चाय में क्या डाला है? जहर हाये का हे?"

"इथं पोरगी दोन दिवसांपासून बाटली तोंडात घेऊन नाही राहिली, आन् तुमाले चहाची पडली!" खुशबू मांडीवरच्या गीतूला हलवत नवऱ्यावर कडाडली. गीतूनेही आईच्या सुरात सूर मिसळला.

गीतू सहा महिन्यांची. आज शनिवार, आणि सोमवारी खुशबूची सुट्टी संपत होती. हथखोजच्या एका कारखान्यात नळाच्या पाइपांचे जोड बनत. तिथं ती माल तपासायची. एक आटा वाकडा दिसला तर अख्खा लॉट परत पाठवणारी बाई. साहेबांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "मॅडम, मंडे को नहीं आए तो दूसरी लड़की देख ली है." आता दुसरी मुलगी बघायला साहेबांना वेळ होता, पण आईवाचून सहा महिन्यांचं बाळ दिवसभर काय करेल, हे बघायला नव्हता.

म्हणून अंगावरचं सोडवून बाटलीवर आणायचं ठरलं. बाईनं पाजणं सोडायचं म्हटलं की सगळा मोहल्ला डॉक्टर होतो. शेजारच्या रुक्माकाकूंनी उपाय दिला होता, "कडुनिंब वाटून लाव. एका दिवसात तोंड फिरवते पोट्टी."

गुरुवारी सकाळी खुशबूने सासूला सांगितलं, "आई, थोडा कडुनिंब वाटून ठेवा. निप्पलले लावाचा हाये."

सासरे धोंडबा तिथंच पेपर वाचत बसले होते, म्हणून 'निप्पल'. गाईच्या थानाला थान म्हणताना या घरात कुणाची जीभ अडखळत नव्हती. पण सुनेचं असलं की इंग्रजीचा पदर घ्यायचा. तर पदर घेतला, आणि तिथंच घात झाला.

वाटलेल्यातला थोडा खुशबूनं स्वतःला लावला. त्या दिवसापासून गीतूने आईकडे तर पाठ फिरवलीच, पण बाटली दिसली की अशी किंचाळायची, जणू कुणी इंजेक्शन घेऊन आलंय. वाटी-चमच्यानं भाताची पेज तेवढी खायची. पियूषने पावर हाउस भागातल्या बाजारातून तीन बाटल्या आणल्या: लांब बोंडाची, चपट्या बोंडाची, शेवटी एक हत्तीच्या चित्राची. गीतूने हत्तीलाही लाथ मारली.

"बाटलीत दोष नाही बाई," रुक्माकाकू दारातूनच म्हणाल्या. "तुहंच मन नाही सोडाचं. लेकराले समजते."

"माह्या मनानं बाटली कडू होते का वो काकू?"

खुशबू रागानं बोलून गेली आणि मग स्वतःच थबकली. तिनं हत्तीवाली बाटली उचलली आणि स्वतःच्या तोंडात घातली.

दुसऱ्या क्षणी तिचं तोंड पियूषच्या मघाच्या तोंडासारखं झालं.

दोन दिवस घरातल्या चार मोठ्या माणसांनी सल्ले दिले, बाटल्या बदलल्या, एकमेकांचं डोकं खाल्लं. पण दुधाला जीभ लावून कुणी पाहिली नव्हती. आणि ही म्हणे माल तपासणारी!

"याले कडुनिंब कोनं लावला?"

"मीच लावून राहिली," सासूबाई पंचफुलाबाई अभिमानानं म्हणाल्या. "दर खेपेला उकळून झाली की चोळतो आन् पुसून ठेवतो. तूच तं म्हटलं होतं, निप्पलले लावाचा. मले वाटलं, जंतू मारासाठी असन."

"बाटलीच्या नाही, आई!"

"मंग कोनत्या?"

खुशबूनं ओठ चावला. तिची नजर सासऱ्यांकडे गेली. आणि सासऱ्यांची नजर हळूच नळाकडे.

"बाबा?"

धोंडबांनी चाळीस वर्षं प्लांटमध्ये पाइप फिटिंग केली होती. त्यांना निप्पल एकच माहीत: दोन्हीकडे आटे असलेला पाइपाचा तुकडा. "मी म्हटलं, सून बी लाइनीतली हाये, जानून बोलली असन," ते म्हणाले. "पानी साफ होते म्हून. आज सकाळीच नळ खोलला. निप्पलच्या आट्यावर गळती थांबवाचा सफेदा लावाच्या जागी कडुनिंब भरला."

"म्हंजे चहा..." पियूष म्हणाला.

"चहा, दूध, सगळं!" खुशबू उठून उभी राहिली. "थानाले, आई! थानाले! माह्या थानाले लावाचा होता!"

रुक्माकाकूंनी पदर तोंडाला लावला. धोंडबा पाना घेऊन नळाच्या मागे असे दिसेनासे झाले, की रात्रीचं जेवणही त्यांनी तिकडेच मागवलं.

रुक्माकाकूंच्या घरून हंडाभर पाणी आलं. नवी बाटली उघडली, खुशबूनं स्वतः उकळली, आणि आधी पियूषला दूध चाखायला लावलं. मग गीतूला दिलं. गीतूनं बोंड चाटलं, आजीकडे एक संशयाची नजर टाकली, आणि गटागटा अख्खी बाटली संपवली.

सोमवारी खुशबू वेळेवर हथखोजला पोहोचली. साहेब खूश. "आओ मॅडम. आज बस एक ही काम है. सात सौ निप्पल आए हैं, चेक कर दो."

खुशबूनं पर्स टेबलावर आपटली.

"सर, पहले साफ-साफ बताइए. कौन से?"